चमचाभर साखर आणि कणभर संप्रेरक



बारावीच्या वर्गात विद्युत्‌मंडलाचा तास संपला आणि एक विद्यार्थी टेबलापाशी येऊन थांबला. प्रश्न मंडलाचा नव्हता. वडिलांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. अलीकडे फार थकवा येतो म्हणून त्यांनी एक तपासणी करून घेतली. कागदावर ‘टेस्टोस्टेरॉन २७०’ असा आकडा आला, आणि ओळखीच्या कोणीतरी सांगितले की ह्या संप्रेरकाची इंजेक्शने घेतली की थकवाही जातो आणि साखरही उतरते. ‘‘सर, हे खरे आहे का?’’ असे त्याने विचारले. मग थोडे थांबून म्हणाला, ‘‘व्यायामशाळेत काही मुलेसुद्धा हीच इंजेक्शने घेतात.’’

मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. औषध घ्यावे की नाही, हे डॉक्टरच सांगू शकतात. परंतु मोजमाप, सरासरी, नियंत्रण आणि प्रवाह हे आपल्या विषयाचे शब्द आहेत, आणि ह्या प्रश्नात ते चारही आहेत. म्हणून त्या मुलाला जे सांगितले तेच आज तुम्हालाही सांगतो.

आधी थोडे गणित

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर, म्हणजे ५० डेसिलिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असते. गुणाकार करा : ५० × ९० = ४,५०० मिलिग्रॅम, म्हणजे साडेचार ग्रॅम. एवढ्या मोठ्या देहात फिरणाऱ्या सगळ्या रक्तात मिळून चहाचा एक चमचा भरेल एवढीच साखर !

आता टेस्टोस्टेरॉन घ्या. प्रौढ पुरुषात त्याची पातळी डेसिलिटरला साधारण ३०० ते १,००० नॅनोग्रॅम असते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. ५०० हा आकडा धरला तर ५० × ५०० = २५,००० नॅनोग्रॅम, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कणसुद्धा ह्याहून जड भरतो. रक्तातील साखर ह्या संप्रेरकाच्या सुमारे एक लाख ऐंशी हजार पट आहे. हिशेब ढोबळ आहे, पण प्रमाणाची कल्पना त्यावरून येते.

मग इतक्या कणभर पदार्थाने काय होते? संप्रेरक हे इंधन नव्हे, तो हुकूम आहे. तहसीलदाराच्या सहीला वजन नसते, पण सहीने काम होते. तसेच हे.

कोंबड्यापासून स्फटिकापर्यंत

शरीरात असे हुकूम रक्तातून फिरतात, ह्याचा एक सुरेख पुरावा १८४९ साली जर्मनीत गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड ह्यांनी दिला. कोंबड्याचे वृषण काढले तर त्याचा तुरा वाढत नाही, तो आरवत नाही, भांडत नाही. बेर्टहोल्ड ह्यांनी काही कोंबड्यांचे वृषण काढून ते पोटात दुसऱ्याच जागी बसवले. जुन्या मज्जातंतूंचा संबंध तुटला होता, तरीही कोंबडे तुरा मिरवू लागले आणि आरवू लागले. म्हणजे संदेश तंतूंमधून नव्हे, रक्तातून जात होता.

तो पदार्थ हाती यायला १९३५ साल उजाडले. अ‍ॅमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकूर ह्यांच्या गटाने सुमारे १०० किलो बैलाच्या वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम स्फटिक मिळवले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी बूटेनांट आणि रुझिच्का ह्यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ह्या दोघांना मिळाले. त्याआधी, १९२२ च्या जानेवारीत, कॅनडातील टोराँटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला मधुमेहासाठी इन्सुलिन देण्यात आले होते. शरीरात कमी पडलेले संप्रेरक बाहेरून देता येते, हे त्यावरून सिद्ध झाले होते. टेस्टोस्टेरॉनची पूरक उपचारपद्धती ह्याच विचाराची.

येलदरी आणि सिद्धेश्वर

रक्तातील साखर स्थिर कशी राहते? आपल्या हिंगोलीकरांना ह्यासाठी दूर जायला नको. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी धरण आहे आणि खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. येलदरीतून सोडलेले पाणी सिद्धेश्वरात येते आणि तेथून कालव्याने शेतांना जाते. सिद्धेश्वरची पातळी राखायची तर दोन गोष्टी हातात ठेवाव्या लागतात : वरून येणारे पाणी आणि कालव्यात सोडलेले पाणी.

रक्त हे सिद्धेश्वर समजा, यकृत हे येलदरी आणि स्नायू म्हणजे कालव्याखालची शिवारे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. त्याचा हुकूम दुहेरी : ‘वरचे पाणी थांबवा, कालव्याचे दरवाजे उघडा.’ पातळी उतरली की ग्लुकागॉन हे दुसरे संप्रेरक यकृताला साखर सोडायला सांगते. पातळी बदलली की ती पूर्ववत करणारा हुकूम निघतो. विद्युत इस्त्रीतील तापनियंत्रक हेच करतो. ह्याला ऋण प्रतिभरण, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. सिद्धेश्वरचे पाणी उलटे येलदरीत चढत नाही. यकृत मात्र रक्तातील जादा साखर परत घेऊन साठवू शकते.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हुकूम निघतो, पण दरवाजे नीट उघडत नाहीत. ह्याला इन्सुलिन-रोध म्हणतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडत राहते, शेवटी थकते, आणि पातळी वर चढते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर वारंवार आढळली तर मधुमेहाचे निदान होते.

टेस्टोस्टेरॉन कोठे बसते?

इन्सुलिनचा हुकूम काही मिनिटांत अमलात येतो. टेस्टोस्टेरॉन दरवाजे उघडत नाही. ते पेशीत शिरून जनुकांवर काम करते आणि आठवडे-महिन्यांच्या गतीने देहाची घडणच बदलते. स्नायू वाढतात, पोटाच्या आतील चरबी घटते. म्हणजे शिवार वाढते आणि कालव्यातला गाळ कमी होतो. जास्त स्नायू म्हणजे साखर सामावायला जास्त जागा. साखरेशी त्याचा संबंध येतो तो असा, मागच्या दाराने.

उलट बाजूही आहे. चरबीमध्ये अ‍ॅरोमटेज नावाचे विकर असते. ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेन गटातील संप्रेरकात करते. लठ्ठपणात मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीकडून वृषणांना येणारा हुकूमही क्षीण होतो. चरबी वाढली की टेस्टोस्टेरॉन घटते, ते घटले की स्नायू घटतात आणि चरबी वाढते. हे दुष्टचक्र आहे. २००४ साली अमेरिकेतील बफेलो येथे संदीप धिंडसा, परेश दांडोना व सहकाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या १०३ पुरुषांना तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी एकतृतीयांश पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी आढळले.

‘‘पण आमचे वडील लठ्ठ नाहीत,’’ असे तो मुलगा म्हणाला. ह्याचे उत्तर आपल्या पुण्यातच आहे.

पुण्याचे डॉक्टर, लंडनचे डॉक्टर

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. दोघांचा देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, अगदी सारखा : २२.३. ह्या आकड्याने कोणीही लठ्ठ ठरत नाही. मग दोघांच्या शरीरातील चरबी क्ष-किरणांनी मोजण्यात आली. ह्या यंत्रात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पाठवतात. हाड, स्नायू आणि चरबी ते किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून प्रत्येकाचा वाटा काढता येतो. उत्तर आले ते असे : युडकिन ह्यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के ! २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र आणि हे आकडे छापून आले.

तराजू दोघांना सारखेच म्हणतो, पण एकाच्या देहात स्नायू जास्त आणि दुसऱ्याच्या देहात चरबी. ह्याची सुरुवात फार लवकर होते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक ह्यांच्या गटाने गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्व बाजूंनी लहान होती. पण स्नायूंमध्ये ती जेवढी मागे होती, तेवढी कातडीखालच्या चरबीत नव्हती. दिसायला बारीक, पण चरबीच्या बाबतीत ‘लठ्ठ’. म्हणून केवळ काट्यावर उभे राहून मधुमेहाचा धोका कळत नाही. कमरेचा घेर मोजणे अधिक उपयोगाचे.

चाचणीचा आकडा कधी फसवतो?

आता त्या २७० कडे वळू. मी मुलाला विचारले, ‘‘रक्त किती वाजता दिले?’’ तो म्हणाला, ‘‘दुपारी चारच्या सुमारास, जेवून.’’

कोणतेही मापन कोणत्या परिस्थितीत केले ते सांगितल्याशिवाय अपुरे असते, हे तुम्ही प्रयोगवहीत लिहिता ना? टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवस चढेल तसे उतरते. शिवाय साखर पोटात गेली की ते आणखी खाली जाते. २०१३ साली बोस्टन येथे ७४ पुरुषांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पाहिले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन सरासरी २५ टक्क्यांनी घसरले. म्हणून नियम असा की, दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी रक्त द्यायचे. दोन्ही आकडे साधारण ३०० च्या खाली आले आणि लक्षणेही असली, तरच कमतरता मानायची. मग ती कशाने आली, वृषणांमुळे की पियूषिकेमुळे, तेही शोधायचे.

दुसरी गंमत साखरेच्या चाचणीत आहे. मधुमेहाच्या रुग्णाला ‘तीन महिन्यांची सरासरी’ म्हणून एचबीएवनसी ही तपासणी सांगतात. तांबड्या रक्तकणातील हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटत जाते. रक्तकण सुमारे १२० दिवस जगतो. जुन्या कणावर साखर अधिक, नव्यावर कमी. टेस्टोस्टेरॉनने नवे रक्तकण जास्त तयार होतात. समजा, रक्तात १०० कण आहेत आणि त्यांचे सरासरी वय ६० दिवस. त्यात १० नवे कोरे कण आले. नवी सरासरी : ६,००० भागिले ११०, म्हणजे सुमारे ५४.५ दिवस. कण तरुण झाले, चिकटलेली साखर कमी दिसली, पण रक्तातील ग्लुकोज होते तेवढेच ! उपचार सुरू केल्यावर काही काळ असा भास होऊ शकतो. उलट, लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात हाच आकडा वाजवीपेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून केवळ एचबीएवनसीवर विसंबू नये. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही पाहावी.

इंजेक्शनाने साखर उतरते का?

ह्यावर दोन मोठे प्रयोग झाले आहेत, आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला ऑस्ट्रेलियात झाला व २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५० ते ७४ वर्षांचे, पोट सुटलेले, टेस्टोस्टेरॉन बेताचे असलेले आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले किंवा नुकताच मधुमेह आढळलेले १,००७ पुरुष होते. सर्वांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम देण्यात आला. त्याशिवाय निम्म्यांना दर तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन आणि निम्म्यांना औषध नसलेले तसेच दिसणारे इंजेक्शन. दोन वर्षांनी ग्लुकोज पाजून तपासले, तेव्हा औषध नसलेल्यांपैकी १०० मागे २१ जण मधुमेहाच्या पातळीवर होते आणि टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांपैकी १२.

म्हणजे १०० मागे ९ जणांचा फायदा. पण वही मिटू नका, दुसरा स्तंभही वाचा. रक्तात तांबड्या कणांनी व्यापलेला भाग ५४ टक्के किंवा त्याहून वर जाणे धोक्याचे मानतात. पुरुषांत तो सामान्यतः ४० ते ५० टक्के असतो. औषध नसलेल्यांत असे १०० मागे १ आढळला, टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांत २२. त्यात धोका काय? नळीतून वाहणारा प्रवाह द्रवाच्या श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे प्वासय ह्यांचे सूत्र तुम्हाला माहीत आहे. उसाचा रस नळीतून सहज वाहतो, काकवी वाहत नाही. तांबडे कण वाढले की रक्त काकवीच्या दिशेने सरकते. हृदयाला जोर अधिक लागतो, गुठळीची भीती वाढते.

दुसरा प्रयोग अमेरिकेत झाला. त्यात ४५ ते ८० वर्षांचे, टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी असलेले आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष होते. औषध कातडीवर चोळण्याच्या जेलच्या रूपात दिले. २०२३ साली निष्कर्ष आला की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू ह्यांचे प्रमाण औषधाने वाढले नाही. मात्र हृदयाची एक प्रकारची अनियमित धडधड, फुप्फुसातील गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक होणारी इजा ह्यांचे प्रमाण थोडे अधिक दिसले. २०२४ साली त्याच पुरुषांच्या साखरेचा हिशेब प्रसिद्ध झाला : मधुमेहाच्या उंबरठ्यावरून मधुमेहात जाणाऱ्यांची संख्या टेस्टोस्टेरॉनने कमी झाली नाही, आणि ज्यांना मधुमेह होता त्यांची साखरही त्यामुळे सुधारली नाही.

एकात फायदा, दुसऱ्यात नाही, असे का? दोन्ही प्रयोगांतील माणसे, औषधाचा प्रकार आणि परिस्थिती वेगळी होती. एक मोठा फरक असा की, पहिल्या प्रयोगात आहार-व्यायामाचा कार्यक्रम सर्वांना होता, दुसऱ्यात तसा नव्हता. संप्रेरक स्नायू घडवायला मदत करते, पण त्या स्नायूंकडून काम करवून घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय एंडोक्राइन सोसायटीने २०१८ सालच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की, केवळ मधुमेह आटोक्यात आणण्यासाठी टेस्टोस्टेरॉन देऊ नये.

मग ते कोणाला द्यायचे? वृषणांना इजा झाली आहे, पियूषिकेचा आजार आहे किंवा जन्मतःच संप्रेरक कमी तयार होते, अशा रुग्णांना हा उपचार खरोखर आधार देतो. त्यांना मधुमेहही असेल तर दोन्हींची सांगड घालावी लागते. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने रक्तकणांचे प्रमाण, टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि प्रौढ वयात पुरःस्थ ग्रंथीची तपासणी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साखरेवर अधिक लक्ष. कारण वजन व चरबी घटली की पूर्वीची मात्रा जास्त ठरून साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची खूण. घरातल्या मुलांनाही ती ठाऊक असावी.

व्यायामशाळेतील इंजेक्शन

आता त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या वाक्याकडे या. ते तुमच्या वयाशी संबंधित आहे.

टेस्टोस्टेरॉनचेही स्वतःचे ऋण प्रतिभरण आहे. पियूषिका रक्तातील पातळी पाहून वृषणांना हुकूम देते. बाहेरून इंजेक्शन घेतले की तिला वाटते, ‘भरपूर आहे, कारखाना बंद ठेवा.’ हुकूम थांबतो, वृषण आकसतात, शुक्रजंतूंची निर्मिती घटते किंवा थांबते. इंजेक्शन बंद केल्यावर कारखाना लगेच सुरू होत नाही. महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. वाढत्या वयात घेतले तर हाडांची टोके लवकर मिटून उंची खुंटण्याचा धोकाही असतो. दंडाचा घेर दिसतो, आतले हे नुकसान दिसत नाही. निरोगी मुलाने हे औषध घेणे म्हणजे तापनियंत्रकाच्या तारा आपल्याच हाताने तोडणे होय.

आणि व्यायाम? तो जरूर करा. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा साखरेचे दरवाजे इन्सुलिनच्या हुकमाशिवायही उघडतात. कालव्याचा दरवाजा हाताने उघडण्यासारखेच ते आहे. पोट सुटलेल्या माणसाने वजन उतरवले तर त्याचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉनही वाढते. चक्र दोन्ही दिशांनी फिरते. कोणत्या दिशेने फिरवायचे हे बरेचसे आपल्या हाती असते.

करून पाहा

घरातील मोठ्या माणसांच्या कमरेचा घेर आणि उंची एकाच एककात मोजा. घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे का पाहा. असल्यास साखर तपासून घेण्याचा आग्रह धरा. आणि कोणाच्याही तपासणीचा कागद हाती आला तर आकड्याच्या आधी वेळ वाचा : सकाळ की दुपार, उपाशीपोटी की जेवून.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी पुन्हा दोन दिवस सकाळी रक्त दिले. आकडे आले ३६५ आणि ३५०. डॉक्टरांनी इंजेक्शनाचा विषय बाजूला ठेवला, मधुमेहाचे औषध बदलले आणि रोज चालायला सांगितले. थकवा पूर्ण गेलेला नाही, पण कमी आहे, असे मुलगा सांगतो. संध्याकाळी तोही त्यांच्याबरोबर चालतो.